रहाटपाळणा

कोकणातील जत्रेला रहाटपाळण्यावाचून शोभा येत नाही. देवळापुढील दीपमाळ, खाजे-बत्तासे विकणारी दुकाने, रात्री रंगणारा दशावतार आणि एका कोपऱ्यात करकरत फिरणारा पाळणा, हे जत्रेचे परिचित रूप होय. राजापूरचा परिसर तर यात्रांसाठी प्रसिद्धच आहे. मृडानी नदीच्या काठी धूतपापेश्वराचे प्राचीन देवालय आहे. जवळच उन्हाळे येथे राजापूरची गंगा अवतरते. तिच्या आगमनाची तिथी ठरलेली नसते. साधारणपणे तीन वर्षांनी ती येते असे लोक सांगतात, पण कधी लवकर, तर कधी उशिराही येते. ती आली की चौदा कुंडे पाण्याने भरतात आणि दूरदूरचे लोक स्नानासाठी लोटतात. माणसे जमली की दुकाने येतात, आणि दुकानांमागून पोरांचे खेळ येतात.

‘रहाटपाळणा’ हे नाव मोठे अर्थपूर्ण आहे. रहाट म्हणजे विहिरीतून पाणी वर काढण्याचे चक्र. राजापूर, रत्नागिरी, मालवण या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा पूर्वी रहाटाच्या पाण्यावरच पोसल्या जात. रहाटाच्या चाकावरून गाडग्यांची माळ सोडलेली असे. एका बाजूने भरलेली गाडगी वर येत, पन्हाळात पाणी ओतीत आणि दुसऱ्या बाजूने रिकामी होऊन खाली जात. गाडग्यांच्या जागी लहान लहान पाळणे टांगले, पाण्याच्या जागी मुले बसवली आणि ते चाक मोकळ्या मैदानात उभे केले, की झाला रहाटपाळणा!

तरीही या दोन चक्रांत एक महत्त्वाचा भेद आहे. रहाट ओढण्यास बैल किंवा रेडा जुंपावा लागे, आणि त्या जनावराची पाठ घामाने भिजून जाई. उलट चार पाळण्यांचा लाकडी रहाटपाळणा एकटा मनुष्य आपल्या हातांनी फिरवतो. त्यात आठ मुले बसली तरी तो थकत नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर पाळणेवाल्याच्या एका सवयीत सापडते. दोन मित्र हात धरून धावत येतात आणि एकाच पाळण्यात बसू पाहतात. पाळणेवाला त्यांच्याकडे एक दृष्टी टाकतो आणि एकाला इकडे, तर दुसऱ्याला समोरच्या पाळण्यात बसवतो. मुले हिरमुसली होतात. पाळणेवाला उगाच हुकूम गाजवतो, असेही त्यांना वाटते. परंतु पाळणेवाला त्या क्षणी एक मोठे काम करीत असतो. तो तराजूवाचून वजन करीत असतो.

वाण्याच्या दुकानातील तराजूकडे पाहावे. दांडीच्या दोन्ही टोकांना सारखे वजन असले म्हणजे दांडी आडवी राहते. मग एका पारड्याला बोटाचा नुसता स्पर्श केला तरी ती हलते. रहाटपाळणा म्हणजे असेच दोन तराजू होत. एकाच आसावर ते एकमेकांना छेदून बसवलेले असतात. समोरासमोरच्या पाळण्यांत सारखा भार असला, म्हणजे खाली येणारा पाळणा वर जाणाऱ्या पाळण्यास आपल्या भाराने उचलतो. पाळणेवाल्याला मुलांचा भार उचलावाच लागत नाही. आसाचे घर्षण आणि हवेचा थोडासा अडथळा यांवर मात करण्यापुरतेच बळ त्याला लावावे लागते. रहाटात असे घडत नाही. तेथे वर येणारी गाडगी भरलेली व खाली जाणारी रिकामी असतात. पाण्याचे सारे वजन एकाच बाजूस असते, म्हणून ते बैलाला ओढावे लागते.

भार असमान असेल तर काय होईल? एका बाजूस दोन थोराड मुले आणि समोरच्या पाळण्यात एखादे चिमुकले पोर बसले, तर जड पाळणा वर नेताना पाळणेवाल्याला सारी शक्ती पणाला लावावी लागेल. तोच पाळणा माथा ओलांडून खाली येऊ लागला, की चक्र अकस्मात वेग घेईल. अशा हिसक्याने दांडा हातून निसटू शकतो, फिरवणाऱ्याच्या हातास इजा होऊ शकते, आणि बेसावध बसलेले मूल पुढे फेकले जाऊ शकते. म्हणून पाळणे भरताना तो एक पाळणा भरतो, चक्र अर्धे फिरवतो, समोरचा भरतो आणि मगच उरलेल्या दोहोंकडे वळतो. मुले उतरवतानाही हाच क्रम असतो. एक बाजू पूर्ण रिकामी करून दुसरी भरलेली ठेवणे, हे जाणता पाळणेवाला कधीही करीत नाही.

चक्र उलटेपालटे होत असता आतील मुले उलटी का होत नाहीत? पाळणा चक्राला घट्ट खिळलेला नसतो. तो वरच्या दांड्याला टांगलेला असून त्या दांड्याभोवती मोकळेपणी झुलू शकतो. बैलगाडीखाली टांगलेला कंदील रस्ता चढणीचा असो वा उतरणीचा, सरळच लोंबतो. कारण त्याचा भार टांगणीच्या खाली असतो आणि पृथ्वी त्या भाराला सतत खाली ओढते. पाळण्याचेही तसेच आहे. मुले बसलेली असतात तोवर त्यांचा भार टांगणीच्या खाली राहतो. पण एखादे मूल उठून उभे राहिले, तर भाराचा मध्य वर सरकतो आणि पाळणा एका अंगास कलू लागतो. ‘खाली बसा!’ ही पाळणेवाल्याची आरोळी कठोर वाटते, पण ती मुलांच्या प्राणांसाठी असते.

पाळणा माथ्यावरून खाली वळला, की पोटात गोळा आल्यासारखे वाटते. यालाही कारण आहे. वर जाणाऱ्या शरीराची वरची गती माथ्यापाशी संपते आणि ते खाली जाऊ लागते. या वेळी बैठक शरीराखालून किंचित निसटत असते. ती शरीराला नेहमीइतक्या जोराने वर रेटीत नाही. म्हणून अंग हलके झाल्याचा भास होतो. तळाशी याच्या उलट घडते. खाली येणारे शरीर बैठकीला पुन्हा वर वळवावे लागते, त्यामुळे अंग जड वाटते. मुलाचे खरे वजन मात्र कोठेच बदलत नाही.

हा खेळ फार जुना आहे. इ. स. १६२० च्या सुमारास पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने तुर्की साम्राज्यातील फिलिपोपोलिस नगरात असे पाळणे पाहिल्याची नोंद केली आहे. ते नगर आज बल्गेरियात असून प्लोव्दिव या नावाने ओळखले जाते. पुढे १८९३ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरी भरलेल्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने एक प्रचंड पोलादी चक्र उभारले. त्याची उंची २६४ फूट होती. त्याला ३६ डबे होते व प्रत्येक डब्यात ६० माणसे मावत. म्हणजे एकाच वेळी २,१६० माणसे आकाशात फिरत! ते चक्र वाफेच्या यंत्रावर चाले. १९०६ मध्ये ते पाडून टाकण्यात आले. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरी १८९७ मध्ये उभारलेले चक्र मात्र आजही फिरते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, ते जळाले होते. १९४७ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. चक्र लाकडाचे असो वा पोलादाचे, हाताने फिरो वा यंत्राने, समतोलाचा नियम दोहोंना सारखाच बांधून ठेवतो.

असे जुन्या धर्तीचे खेळ पाण्याच्या काठी विशेष शोभतात. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव हे याचे उत्तम उदाहरण आहे. हा तलाव मनुष्यनिर्मित आहे. साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांच्या काळी, १८४२ मध्ये, तो बांधण्यात आला. सह्याद्रीच्या माथ्यावरील झरे त्याला पाणी पुरवतात. काठावर दाट झाडी, पाण्यात वल्ह्यांच्या नावा, तट्टांच्या टापांनी उडणारी तांबडी धूळ आणि त्यांच्या शेजारी लहान मुलांचे पाळणे व लाकडी घोड्यांची चक्रे, असा तेथील थाट असतो. जत्रेतील पाळणा चार दिवसांत मोडून पुढच्या गावी जातो. येथे तो पाहुण्यांची वाट पाहत एकाच जागी राहतो.

लाकडी घोड्यांच्या चक्रात आणखी एक मौज दिसते. बाहेरच्या रांगेतील घोडा पटकावण्यासाठी मुले धडपडतात. त्यांची निवड अचूक असते, जरी तिचे कारण त्यांना सांगता आले नाही. समजा, बाहेरचा घोडा मध्यापासून ३ मीटर व आतला २ मीटर अंतरावर आहे. एका फेरीत बाहेरचा सुमारे १८.८ मीटर आणि आतला सुमारे १२.६ मीटर वाट चालतो. दोघांना वेळ तेवढाच लागतो. म्हणून बाहेरच्या घोड्याचा वेग दीडपट असतो. फिरताना अंग बाहेर ओढल्यासारखे वाटते. पावसाळ्यात भिजलेली छत्री गरगर फिरवली असता थेंब जसे सुटून जातात, तसे आपले शरीरही सरळ रेषेत जाऊ पाहते. हातात धरलेला दांडा मात्र त्याला वळणावर खेचून ठेवतो. म्हणून तो दांडा सोडू नये.

तलावातील नावाडीही पाळणेवाल्याचाच भाऊबंद म्हणावा लागेल. तोही उतारूंना दोन्ही अंगांना सारखे बसवतो. नाव चालू असता कोणी उभे राहिले, तर तो रागावतो. राजापूरच्या लोकांना हा नियम पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. खाडी गाळाने भरून येण्यापूर्वी राजापूर हे मोठे बंदर होते, आणि गलबतात माल रचताना भार दोन्ही अंगांना सारखा ठेवणे हे तांडेलाचे पहिले कर्तव्य असे.

पुण्यात मात्र एक उलट कथा घडली. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी एक विस्तीर्ण तळे बांधले. त्यात एक बेट राखून बाग केली, तीच सारसबाग. बेटावरील गणपती ‘तळ्यातला गणपती’ म्हणून प्रसिद्ध झाला. कालांतराने तळे आटले व बुजवले गेले. त्याच्या परिसरात पेशवे उद्यान झाले, आणि १९५६ मध्ये तेथे ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी धावू लागली. तिचे डबे मुलांच्या बेताचे, तिचा मार्ग बागेला वळसा घालून पुन्हा निघाल्या जागी येणारा. उद्यानातील प्राणी पुढे कात्रजच्या नव्या प्राणिसंग्रहालयात गेले, परंतु फुलराणीचा लळा पुणेकरांच्या मनातून गेला नाही. तिच्यातून लहानपणी फिरलेली माणसे पुढे आपल्या मुलांना व नातवंडांना घेऊन तेथे आली. तळे मात्र आता केवळ गणपतीच्या नावातच उरले आहे. पाण्याकाठचा खेळ टिकवावयाचा, तर प्रथम पाणी टिकवावे लागते. काठावर टाकलेला कचरा आणि पावसाबरोबर वाहून येणारा गाळ हे कोणत्याही तळ्याचे शत्रू होत.

आज मोठ्या शहरांजवळ विजेवर चालणारी भव्य क्रीडास्थाने झाली आहेत. मुंबईजवळ गोराई येथे असे एक स्थान १९८९ मध्ये सुरू झाले होते. त्यांच्यापुढे चार पाळण्यांचा लाकडी रहाट दुबळा दिसतो. पण त्याचा एक गुण त्या प्रचंड यंत्रांत नाही. त्याचे सारे अंग डोळ्यांना दिसते. आस कोठे आहे, भार कोणत्या बाजूस आहे, बळ कोण लावीत आहे, हे मुलाला पाळण्यात बसूनच उमगते. यंत्र पेटीत झाकले गेले, म्हणजे हे शिक्षण बंद होते.

या खेळाचा भरवसा मात्र एका माणसाच्या सावधपणावर असतो. पाळणा उभारताना जमीन घट्ट व सपाट आहे की नाही, खांबांचे ताण सारखे आहेत की नाहीत, आसाला वंगण आहे की नाही, कोठे लाकूड चिरले किंवा खिळा सैल झाला आहे काय, हे सारे त्याला पाहावे लागते. मुले बसवण्यापूर्वी चक्र एकदा रिकामे फिरवून त्याचा आवाज ऐकावा लागतो. नेहमीच्या करकरीहून वेगळा आवाज आला, तर पुढे कितीही मोठी रांग असली तरी पाळणा थांबवणे हेच त्याचे काम. त्या दिवशीची कमाई बुडते. जत्रेचे दिवस थोडे, आणि त्यावर त्याच्या कुटुंबाचे पुढचे काही महिने अवलंबून असतात. तरीही जो पाळणा थांबवतो, तोच खरा पाळणेवाला. मुलांनीही आपला वाटा उचलावा. त्याने सांगितलेल्या जागी बसावे, अडसर लावल्यावाचून पाळणा सुरू करण्याचा हट्ट धरू नये, आणि चक्र पूर्ण थांबल्यावरच खाली उतरावे.