द्राक्ष, पाव आणि आतड्याचा पाझर

मुलांनो, निफाडच्या बागेतलं द्राक्ष खा नाहीतर मिसळीबरोबरचा पाव खा, रक्तात शेवटी ग्लुकोजच जायचं. द्राक्षात ते वेलीनंच तयार ठेवलेलं असतं. पावातल्या पिठूळ पदार्थाची मात्र लांबच लांब साखळी असते आणि ती तोडायचं बरंचसं काम लहान आतड्यात चालतं.

घास जठरातून उतरतो तो आम्लात भिजूनच. आतड्याच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथी लगेच बुळबुळीत, अल्कधर्मी रस सोडून अस्तर सांभाळतात. तिकडे स्वादुपिंडाला निरोप जातो. हा निरोप मज्जातंतूच नेतात, असं पूर्वी मानत. 1902 साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू कापले आणि त्यात आम्ल सोडलं. तरी स्वादुपिंड पाझरायला लागलं! मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्ल घालून घोटलं, गाळलं आणि शिरेत टोचलं. पुन्हा तोच पाझर. म्हणजे निरोप रक्तातून जात होता! त्या निरोप्याचं नाव सिक्रेटिन. संप्रेरक म्हणून ओळखलं गेलेलं हे पहिलं द्रव्य.

स्वादुपिंडाचा रस साखळीचे बारीक तुकडे करतो, पण शेवटचा घाव आतड्याची भिंतच घालते. इगतपुरीकडे भाताची रोपं दाटीनं उभी असतात ना, तसे जेमतेम मिलिमीटरभर उंचीचे अंकुर या भिंतीवर असतात. त्यांच्या पेशींनाच विकरं चिकटलेली: पावासाठी माल्टेज, उसाच्या साखरेसाठी सुक्रेज, दुधासाठी लॅक्टेज. या पेशी जगतात तीन ते पाच दिवस, की लगेच नव्या हजर. केवढी ही उस्तवार!

अंकुरांच्या मुळाशी खोल खळगे असतात. तिथून दिवसाला दोनेक लिटर पाणीदार रस झिरपतो आणि जवळजवळ सगळा परत शोषला जातो. पटकीत हाच पाझर आवरेनासा होतो आणि माणूस काही तासांत सुकतो. पण तेव्हाही भिंत ग्लुकोज घेतच असते आणि त्याच्यासोबत मीठ आणि पाणीही आत ओढते. याच आधारावर 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले.

तेव्हा जलसंजीवनीची पुडी घरात असू द्या. एक लिटरची पुडी असेल, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ती सगळीच्या सगळी घाला आणि कुणाला जुलाब लागले की घोट घोट पाजत राहा.