सहा नंबरचा शनिवार

पहाटे ५.१०

छत्री तलावाचा रस्ता, अमरावती. डिसेंबरातली थंडी. तो सोळाशे मीटर पळून येतो, मनगटावरचं घड्याळ दाबतो आणि गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो. पाच मिनिटं चोवीस सेकंद. पोलीस भरतीत पाच मिनिटं दहा सेकंदांत आलं तर पूर्ण वीस गुण. म्हणजे चौदा सेकंद जास्त झाले.

सरळ पळणं त्याला आवडत नाही. मैदानात तो सरळ कधी पळतच नाही. फुटबॉलच्या संघात तो मधल्या फळीत, पाठीवर सहा नंबर. चार पावलं पुढं, दोन मागं, मान वळवून पुन्हा आडवं. इथं मात्र घड्याळाला एवढंच कळतं, कधी निघाला आणि कधी पोचला.

मग शंभर मीटर, तीनदा. मग गोळा, सात किलो दोनशे साठ ग्रॅमचा. चौघांत मिळून एक घेतलाय, आज त्याच्या पाळीला आहे. वय सत्तावीस. खुल्या गटातून भरतीला अठ्ठावीसपर्यंत उभं राहता येतं.

सकाळी ६.१५

दोन खोल्यांचं भाड्याचं घर. रात्री भिजवलेले हरभरे, दोन उकडलेली अंडी, गूळ, चहा. आई ओट्याशी उभी.

"सांजच्याले येशीन का जेवाले?"

"उशीर होईन. अकोल्याले मॅच हाये. तू जेवून घेजो."

"जिकले त काई भेटते का?"

तो चपला घालून निघतो. हा प्रश्न रोजचा आहे.

सकाळी ७.००

शनिवारची सकाळची शाळा. हा इथला खेळाचा शिक्षक, पण करारावरचा. महिन्याला साडेसात हजार, वर्षातले दहा महिने. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी बिनपगारी.

पुढच्या आठवड्यात स्नेहसंमेलनाचे सामने आहेत, म्हणून आज कबड्डीचं मैदान आखायचंय. सामान फार नाही: फक्कीची गोणी, सुतळी, चार खुंट्या, एक विटेचा तुकडा. काटकोन काढायला गुण्या लागत नाही. सुतळीवर तीन फुटांवर एक गाठ, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर दुसरी. दोन गाठींमधलं अंतर पाच फूट भरलं की कोपरा बरोबर. हे तो श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर शिकला. तिथूनच बी.पी.एड. झाला. मंडळ १९१४ सालचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या पथकानं जर्मनीत जाऊन कबड्डी करून दाखवली होती, हे अमरावतीतला कुणीही तुम्हाला न विचारता सांगतो.

फक्की तो मुठीनं सोडतो, कमरेत वाकून, उलटं चालत. रेघ दोन इंचांची पडते, कुठं जाड नाही, कुठं तुटत नाही. चुन्यानं बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात. रात्री खोबरेल तेल लावतो, सकाळी पुन्हा फक्की.

सकाळी ११.१५

राजकमल चौकाजवळ मोची. उजव्या स्टडचा तळ पुढून उघडलाय.

"नवे घेऊन टाक ना आता," मोचीकाका म्हणतात.

"बाराशेचे हायेत काका. मार्चपर्यंत चालवा."

आधी चिकटवायचं, मग कडेनं जाड दोऱ्याचे टाके. साठ रुपये. मी बूट हातात घेऊन पाहिला. टाचेकडची रबरी बटणं झिजून सपाट झालीत, तीही आतल्या बाजूनं. वळून वळून. डावा बूट त्या मानानं बरा आहे.

शेजारच्या दुकानात तो झेरॉक्स काढतो. दोन रुपयांना पान. सगळी कारकीर्द एका निळ्या फायलीत आहे. दहा वर्षांपूर्वीची सुब्रतो कप स्पर्धा: जिल्ह्यात पहिले, विभागात उपविजेते. अमरावती विभाग म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम. विभाग जिंकला असता तर राज्याला गेले असते. मग संत गाडगेबाबा विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, दुसऱ्या फेरीत बाहेर. बाकी सगळी सहभागाची प्रमाणपत्रं, सोनेरी काठाची, लॅमिनेट केलेली.

सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण त्याला निदान राज्य पातळीवरचं पदक लागतं आणि ते क्रीडा खात्याकडून तपासून घ्यावं लागतं. जिल्ह्याचा, विभागाचा कागद तिथं चालत नाही. तरी तो झेरॉक्सचे दोन संच काढतो. कुठल्या तरी खासगी शाळेत जागा निघाली तर असावेत.

दुपारी १२.३०

जुनी तवेरा. सात खेळाडू, चालक आणि मी. बाकीचे बडनेऱ्याहून रेल्वेनं पुढं गेलेत. गाडीचं भाडं डिझेलसकट तीन हजार. आयोजक पंधराशे देणार, उरलेले संघाचं मंडळ आणि पोरं मिळून. मांडीवर बूट, पायाशी चेंडूंची जाळी, मागं पाण्याचा वीस लिटरचा कॅन.

बडनेरा, लोणी, कुरूम. रस्ता गुळगुळीत. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गाचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग उरकलं आणि गिनीज बुकात नाव लागलं. दोन्ही बाजूंना तूर भरलेली, कपाशीत वेचणीच्या बाया वाकलेल्या. गाडी मऊ चालते, म्हणून पोरं झोपतात. तो जागा आहे. मोबाइलवर इटलीतला कुठला तरी सामना बघतोय. प्रेक्षक शे-दीडशे, कठड्याला टेकून उभे.

हे तिथलं सेरी डी, चौथी पायरी. व्यावसायिक फुटबॉल तिसऱ्या पायरीवर, सेरी सीला संपतो. डीवाले कागदावर हौशीच. पण जुलै २०२३ पासून तिथल्या नव्या कायद्यानं हौशी क्लबातून पैसे घेऊन खेळणारालाही श्रमिक धरलं जातं. करार होतो, हक्क लागू होतात. मी त्याला हे सांगितलं.

"म्हंजे पीएफ कटते त्याईचा?" मागून एकानं डोळे न उघडता विचारलं.

गाडीत हसू झालं. तो हसला नाही. "आपल्याले एक लीग पायजे फक्त," म्हणाला. "वर्सभराची. हारलं तरी पुढच्या रविवारी मॅच असली पायजे." नागपुरात पायऱ्यांची लीग आहे. त्याच्या वाट्याला आल्या त्या सगळ्या बाद पद्धतीच्या स्पर्धा. हरलं की गाडी परत. आणि फुटबॉल खेळतो म्हटलं की लोक विचारतात, ‘झुंड’ सिनेमात होता का? २०२२ पासून हा एक नवाच ताप.

दुपारी २.१५

मूर्तिजापूरला चहा, काटेपूर्णेचा पूल, बोरगाव मंजू, अकोला. जेवण नाही. सामन्याआधी दोन केळी आणि मीठ-साखरेचं पाणी. डाव्या घोट्याला क्रेप बँडेज. गुंडाळायची त्याची रीत ठरलेली: तळपायापासून सुरुवात, घोट्याभोवती आठाचा आकडा, शेवटी चिकटपट्टी.

दुपारी ३.००

मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात चिखल, आता घट्ट, मध्ये मध्ये भेगा. गवत फक्त कोपऱ्यांत. चेंडू टप्पा पडून कुठं जाईल हे चेंडूलाही ठाऊक नसावं. घसरून चेंडू काढला की मांडीची साल निघते, म्हणून तो उभ्यानंच काढतो. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव. ऊन आहे तोवर अजून एक सामना उरकायचा आहे.

मी दहा मिनिटं चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे पाहिलं. चेंडू त्याच्या पायाला नऊ वेळा लागला. सात वेळा त्यानं एका स्पर्शात पुढं दिला. उरलेला वेळ तो बोलत होता. "मांगं माणूस हाये!" "टाइम हाये तुले, टाइम हाये!" "सोड बे, एकटा हाये तो!" चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून बघतो. समोरचा दहा नंबर उंच, चपळ, अकोल्याचा लाडका. हा त्याच्या अंगाला जात नाही. तो ज्या जागेवर चेंडू मागणार, तिथं आधीच जाऊन उभा राहतो. दहा नंबर वैतागून बाजूला सरकतो. मैदानाच्या मधोमध मोठा तुकडा रिकामा पडतो, पण तिकडं कुणी बघत नाही.

चाळिसाव्या मिनिटाला अकोल्याचा गोल, कॉर्नरवरून. सत्तावन्नाव्या मिनिटाला यानं डोक्यानं चेंडू तोडला, पडता पडता उजवीकडे ढकलला, तिथून क्रॉस आणि नऊ नंबरचा गोल. लाउडस्पीकरवर नऊ नंबरचं नाव तीनदा घेतलं. टेबलावरच्या तक्त्यात गोल करणाऱ्याचं नाव, मिनिट, पिवळं कार्ड, लाल कार्ड असे रकाने आहेत. हा तेव्हा तोंडातली माती थुंकत होता.

१-१. जादा वेळ नाही, सरळ पेनल्टी. चौथी यानं मारली, जमिनीलगत, डाव्या खांबाजवळ. ४-३.

सायंकाळी ५.००

मंडळ तिघांनाच मानधन देतं. त्यातला हा एक. पाचशे रुपये, त्यातून गाडीचे दीडशे कापून. बक्षीस अंतिम सामन्यानंतर. खरचटलेल्या कोपरावर हळद आणि बाटलीतलं पाणी. आलुबोंडा-कढी, तीस रुपये, उभ्यानं.

रात्री ८.३०

अमरावतीत एक टर्फ. प्लास्टिकचं गवत, चार बाजूंनी जाळी, पांढरेफेक दिवे. ताशी आठशे रुपये, शनिवारी हजार. हा इथला राखणदार, रात्रीचे अडीचशे. क्रिकेटवाले आधी, फुटबॉलवाले दहानंतर. मेस्सीचा टी-शर्ट घातलेली कॉलेजची पोरं, पायात पाच-सहा हजारांचे बूट. त्यांच्यातला एक म्हणतो, "दादा, एक माणूस कमी आहे, येता का?" तो घोट्याकडे बोट दाखवतो.

दर तासानंतर फावड्यासारखा लांब ब्रश घेऊन तो काळे रबरी दाणे कडेकडून मध्ये ओढतो. दाणे मध्ये राहिले नाहीत तर पाय घसरतो. सगळे मधूनच पळतात, म्हणून तिथलेच आधी उडतात.

रात्री १२.५०

दिवे बंद, फाटकाला कुलूप. मीटरचा आकडा वहीत. उद्या रविवार, पहाटे पळायचं नाही. दुपारी तीनला अकोल्यात उपांत्य सामना आहे.

हिवाळाभर वऱ्हाडात अशा स्पर्धा चालतात. तिकीट नसतं, बसायला जागा मिळते. गेलात तर दहा मिनिटं चेंडू सोडून सहा नंबरकडे बघा.