उडालेल्या रंगाचा हिशेब

फेब्रुवारी २०२५मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘यूजीसी-केअर’ ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केली. ज्या यादीत बसण्यासाठी इतकी धडपड झाली, ती यादीच गेली. मग त्या धडपडीचं फलित काय? वनस्पतींपासून धातूंचे ऑक्साइड बनवून पाण्यातला रंग काढण्याच्या संशोधनाला हा प्रश्न विचारायलाच हवा. या संशोधनाचं मूळ जुनं आहे: १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइड आणि प्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचं विघटन करून दाखवलं. त्यानंतरची जवळजवळ चार दशकं इथे ओलांडून जाऊ. बोलायचं ते २०१०नंतरच्या दशकाबद्दल. २००९च्या नियमांनी पीएचडीच्या प्रबंधाआधी शोधनिबंध सक्तीचा केला आणि २०१०मध्ये ‘एपीआय’ या शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाच्या गुणांनी प्राध्यापकांची बढती निबंधांना बांधली.

असे निबंध काढायला सातारा-सांगलीच्या प्रयोगशाळांना पाल्यापासून ऑक्साइड बनवण्याची कृती सोयीची होती. तुळस, अडुळसा, कडुनिंब, काहीही चालतं. पाला उकळायचा, गाळायचा, त्यात झिंक नायट्रेट घालून आटवायचं आणि मफल फर्नेसमध्ये भाजायचं. हाती येणारी पांढरी भुकटी मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या द्रावणात टाकून उन्हात ठेवायची. ६६४ नॅनोमीटरचा शोषणाचा पीक खाली आला की आलेख तयार. याला ‘हरित’ म्हणायचं, पण भाजताना पाल्याचा सेंद्रिय अंश बहुतेक जळून जातो. ‘वनस्पतीने क्षपण केलं’ हे वाक्य तर बिनदिक्कत छापलं जातं. झिंक क्षारातही द्विसंयुज असतं आणि ऑक्साइडमध्येही; मग क्षपण झालं कशाचं?

रंग जाणं म्हणजे पाणी स्वच्छ होणं, हे गृहीतकच मुळात कच्चं आहे. मेथिलीन ब्लू अल्कलीत ग्लुकोजबरोबर ठेवला की रंगहीन होतो, आणि बाटली हलवली की हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा निळा. रेणू कुठेही गेलेला नसतो. हळदीचा डाग उन्हात उडतो हे सांगलीत कुणाला सांगायला नको. पण तिथेही करक्युमिनचे रंगहीन तुकडे होतात, ते नाहीसे होत नाहीत. शिवाय तासाभराच्या अंतरावरच्या इचलकरंजीत प्रश्न आहे तो कापडाच्या रंगांचा. सुती कापडाचे रिअॅक्टिव्ह रंग ऋणभारित, मेथिलीन ब्लू धनभारित. आणि प्रोसेस हाऊसच्या सांडपाण्यात रंगासोबत भरपूर मीठ आणि खळही असते. बीकरमधल्या शुद्ध पाण्यातला निकाल तिथे जसाच्या तसा लागू होत नाही.

कुणी म्हणेल, तुटपुंज्या साधनांत विद्यार्थी संशोधनाची पद्धत तरी शिकले. ते खरं आहे, आणि कमी नाही. पण पाण्यातलं सेंद्रिय प्रदूषण दाखवणारा सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) मोजायला महागडं यंत्र लागत नाही. लागतं रिफ्लक्स, डायक्रोमेट आणि टायट्रेशन. न मोजण्याचं कारण गरिबी नव्हतं. तो आकडा कुणी मागत नव्हतं, एवढंच. आता नियतकालिकं पारखण्याचं काम संस्थांकडेच आलं आहे, तेव्हा तीन गोष्टी तरी मागाव्यात: खऱ्या सांडपाण्याचा नमुना, आधीचा-नंतरचा सीओडी आणि गाळून परत मिळालेल्या भुकटीचं वजन. कारण इचलकरंजीजवळून वाहणारी पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, तेव्हा तिच्यासोबत येतं ते बीकरमधलं पाणी नसतं.