थप्पड तेवढी काढा

'सीआयडी' मालिकेतला एसीपी प्रद्युम्न स्फोटात गेला, प्रेक्षक खवळले, प्रद्युम्न परत आला. एप्रिल २०२५ मधला तो गदारोळ सगळ्यांना ठाऊक आहे. पण सातारा-सांगलीकडच्या घरांत रात्री जेवताना 'सीआयडी'चे जुने भागही तितक्याच आवडीने लावले जातात, खुनी कोण हे पाठ असूनही.

मला स्वतःला डॉ. साळुंखेंची प्रयोगशाळा फार आवडते. परीक्षानळीत दोन थेंब पडतात, द्रवाचा रंग बदलतो आणि विषाचं नाव हाती येतं. आपल्या जिल्हा पानावरच्या बातमीत मात्र 'व्हिसेरा राखून ठेवला आहे' एवढंच येतं. नमुने पुण्याला किंवा कोल्हापूरला जातात, अहवालाची वाट बघण्यात महिने जातात आणि तोवर घरचे लोक ठाण्यात हेलपाटे घालतात. प्रत्यक्षात खुनाचा तपास करतात ते पोलीस ठाण्याचे निरीक्षक आणि एलसीबीची, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेची माणसं. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, ही तरतूद जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात आली. तीही राज्यांना पाच वर्षांची मुदत देऊन. असं वास्तव रोज वाचणाऱ्या माणसाला तासाभरात मिळणारा न्याय हवाहवासा वाटला तर नवल नाही. त्या रंगीत द्रवावर कुणाचा विश्वास नसतो, पण त्याने मन निवतं.

शिवाय प्रद्युम्न साकारणारे शिवाजी साटम आहेत. बँकेतली नोकरी सांभाळून रंगभूमीवर आलेला हा नट मुंबई दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य' मालिकेपासून 'सीआयडी'चे निर्माते बी. पी. सिंग यांच्याबरोबर आहे. सिंग यांनी २००४ मध्ये १११ मिनिटांचा अख्खा भाग एका सलग शॉटमध्ये टिपला. तो पुन्हा पाहताना गुन्ह्यापेक्षा कॅमेऱ्याकडेच लक्ष राहतं.

'देवमाणूस' ही गुन्हेमालिका मात्र मला दुसऱ्यांदा बघवत नाही. ती ज्यावर बेतली ते वाईजवळच्या धोमचं २०१६ मधलं खूनसत्राचं प्रकरण ज्यांनी बातम्यांतून रोज वाचलं, त्यांना त्यात करमणूक सापडणं अवघड आहे.

आणि 'सीआयडी'मधलीही एक गोष्ट खुपते: संशयिताच्या कानाखाली बसणारी इन्स्पेक्टर दयाची थप्पड. ती बसली की आरोपी घडाघडा बोलतो आणि घरोघरी हशा पिकतो. प्रत्यक्षात मात्र नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलिसांच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचं उघड झालं, पोलिसांनाच अटक झाली आणि तपासाला आली ती खरी, राज्याची सीआयडी. पोलिसांनी मारल्याशिवाय सत्य बाहेर येत नाही, हा समज अशा दृश्यांनी पक्का होतो.

नव्या भागांच्या लेखकांना म्हणूनच विनंती आहे. परीक्षानळ्या ठेवा, दयाला दारंही खुशाल तोडू द्या. चौकशीच्या खोलीतली थप्पड तेवढी काढून टाका.