स्मृतिभ्रंशातील अनुत्साह : रुग्णास हालते कसे ठेवावे?

वृद्ध पित्यास घेऊन मुलगा चिकित्सालयात येतो. निदान पूर्वीच झालेले असते, आधुनिक औषधेही चालू असतात. मुलाची तक्रार विस्मृतीची नसते, निराळीच असते. "वैद्यराज, अण्णा दिवसभर खुर्चीत बसून असतात. फिरायला चला म्हटले की नको. अंगणात तरी या म्हटले की नको. आयुष्यभर एवढे कामसू होते, आता अगदी आळशी झाले आहेत. तुम्हीच जरा समजावून सांगा." मग आपण समजावून सांगतो. चालल्याने भूक लागते, झोप लागते, सांधे मोकळे राहतात, असे सारे सांगतो. अण्णा शांतपणे ऐकतात, "बरोबर आहे, उद्यापासून जाईन" असेही म्हणतात. आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची सोडत नाहीत.

आपणांपैकी बहुतेकांनी हा प्रसंग अनुभवला असेल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्या व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. तेव्हा असे अण्णा प्रत्येक गावात, प्रत्येक आळीत आहेत. प्रस्तुत लेखात औषधींची चर्चा करावयाची नाही. ब्राह्मी, शंखपुष्पी, मेध्य घृते यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. 'नको' म्हणणाऱ्या या रुग्णाचे काय करावयाचे, एवढाच येथे विचार आहे.

प्रथम 'आळस' हा शब्द आपल्या बोलण्यातून काढून टाकावा लागेल. चरकाचार्यांनी उन्मादाच्या निदानात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार अशा आठ भावांच्या विभ्रमाचा उल्लेख केला आहे. उन्माद आणि आजचा स्मृतिभ्रंश हे एकच व्याधी आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु या रुग्णाचे परीक्षण करताना ही आठ नावे समोर ठेवली, तर नुसत्या स्मृतीवर खिळलेली आपली दृष्टी विस्तारते. भक्ती म्हणजे आवड, इच्छा. ज्याला भजनाची आवड होती त्याला भजन नकोसे होते, जिला बागेचा नाद होता ती बागेकडे पाहत नाही. ही भक्तीची विकृती आहे, स्वभावदोष नव्हे. आधुनिक वैद्यकही हेच सांगते. मेंदूच्या पुढच्या भागाशी निगडित असलेली कार्यारंभाची यंत्रणा या व्याधीत दुबळी होते. रुग्णाला काम करता येते, पण सुरू करता येत नाही. पायांत बळ असते, पण 'आता उठावे' हा आदेशच आतून निघत नाही.

म्हणूनच समजावून सांगणे निष्फळ ठरते. उपदेश ग्रहण करण्यास धी हवी आणि केलेला निश्चय उद्यापर्यंत टिकविण्यास धृती हवी. येथे नेमकी हीच दोन दुर्बल झालेली असतात. अण्णांनी 'उद्यापासून जाईन' म्हटले ते खोटे नव्हते. केवळ ते उद्यापर्यंत पोहोचले नाही.

तथापि प्रत्येक 'नको' व्याधीचाच असतो असे मानणेही धोक्याचे आहे. गुडघा दुखतो पण सांगता येत नाही, चप्पल बोटाला चावते, मोतीबिंदूमुळे पायरी दिसत नाही, ऐकू येत नाही म्हणून चारचौघांत जाण्याचा संकोच वाटतो, बाहेर गेल्यावर लघवीची घाई होईल अशी भीती वाटते, तीन दिवस कोठा साफ झालेला नसतो. या प्रत्येक कारणाचे बाहेर येणारे उत्तर एकच: नको. रक्ताल्पता, थायरॉइडची मंदता, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि खिन्नता यांचाही शोध घ्यावा. कालपरवापर्यंत चालणारा रुग्ण दोन-चार दिवसांत एकाएकी मंद, झोपाळू किंवा असंबद्ध झाला, तर तो व्याधीचा स्वाभाविक क्रम समजू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, औषधाचा दुष्परिणाम किंवा काही आठवड्यांपूर्वीच्या पडण्यातून डोक्यात साचलेले रक्त अशी कारणे संभवतात. अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

औषधांचा विषय निघाला म्हणून आपल्याच पदरातील एक गोष्ट सांगणे भाग आहे. वृद्धाला झोप येत नाही, रात्री उठून बसतो, म्हणून सर्पगंधायुक्त कल्प देण्याची पद्धत आहे. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, उठताना चक्कर येते, दिवसा मांद्य राहते आणि खिन्नताही येऊ शकते. मग तोच रुग्ण दुपारी उठत नाही म्हणून आपण उत्साहवर्धक औषध लिहितो. सर्दीच्या आणि झोपेच्या कित्येक आधुनिक गोळ्यांचेही असेच आहे. घरातील साऱ्या औषधांची पिशवी एकदा टेबलावर ओतून घ्यावी. आमच्या अनुभवात नव्या औषधाइतकाच उपयोग एखादे जुने औषध थांबविण्याचा झाला आहे. मात्र दुसऱ्या चिकित्सकाचे औषध त्याच्याशी बोलल्यावाचून बंद करू नये.

आता शास्त्रीय आक्षेपाकडे वळू. वाग्भटाचार्यांनी व्यायाम कोणी टाळावा हे सांगताना बालक आणि अजीर्णी यांच्याबरोबर वृद्धाचाही निर्देश केला आहे. मग आपण वृद्धाला चालावयास का लावावे, असा प्रश्न एका तरुण वैद्यांनी आम्हांस विचारला होता. प्रश्न रास्त आहे. पण सुश्रुताचार्यांनी शरीराला आयास देणाऱ्या कर्मास व्यायाम म्हटले आहे, आणि देहाला फार पीडा न देणाऱ्या चंक्रमणाचा, म्हणजे सावकाश फेरफटक्याचा विचार त्याहून वेगळा केला आहे. हे चंक्रमण आयुष्य, बल, मेधा आणि अग्नी देणारे व इंद्रियांना जागविणारे आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. वृद्धाला वर्ज्य आहे तो आयास. चेष्टा वर्ज्य नाही. कपाळावर, नाकावर घाम येणे आणि तोंडाला कोरड पडणे ही अर्धशक्तीची लक्षणे बलवानासाठी आहेत. आपल्या रुग्णाने त्याच्या बरेच अलीकडे थांबावयाचे. चालता चालता बोलता आले पाहिजे, एवढी खूण घरच्यांना पुरते.

मग उठवावयाचे कसे? याचेही सूत्र संहितेतच सापडते. चरकाचार्यांनी शारीरस्थानात स्मृती जागी होण्याची आठ कारणे दिली आहेत. त्यांतील निमित्त, सादृश्य, अभ्यास आणि पुनःश्रुत ही चार आमच्या मते या रुग्णांच्या घरात रोज उपयोगी पडण्यासारखी आहेत.

निमित्त म्हणजे प्रश्न नव्हे, वस्तू. "फिरायला जायचे का?" असे विचारले की उत्तर ठरलेले. त्याऐवजी मुलाने स्वतः चपला घालाव्यात, वडिलांच्या चपला पायाशी ठेवाव्यात, त्यांच्या हातात दुधाची पिशवी द्यावी आणि "अण्णा, चला, दूध संपले" एवढेच म्हणावे. पिशवी हातात आली की हात ओळखतो आणि पाय मागोमाग निघतात. ज्याने चाळीस वर्षे सकाळी दूध आणले त्याला त्या पिशवीचे कारण सांगावे लागत नाही. येथेच अभ्यास येतो. नावे, तारखा, कालचे जेवण हे सारे पुसले गेल्यावरही हाताला पडलेले वळण पुष्कळ काळ टिकते. आमच्या परिचयातील एका घरी सासूबाई दोन महिने कोणत्याही कामाला हात लावीत नव्हत्या. सुनेने एके सायंकाळी त्यांच्याजवळ बसून स्वतःच वाती वळावयास घेतल्या, आणि मुद्दाम नव्हे, पण खरोखरच वाईट वळल्या. सासूबाई थोडा वेळ पाहत राहिल्या. मग "अगं, अशी नाही" म्हणून कापूस हातात घेतला. नंतर रोज तो डबा त्यांच्यासमोर येऊ लागला. काही दिवसांनी त्या वाती देवघरापर्यंत स्वतः नेऊन ठेवू लागल्या. बारा पावले जाणे आणि बारा पावले येणे.

म्हणून प्रत्येक रुग्णाच्या नोंदपत्रिकेत प्रकृती, अग्नी, कोष्ठ यांच्याबरोबर एक ओळ आणखी असावी, असे आम्ही सुचवितो: आयुष्यभर हातांनी काय केले? शिंप्याच्या हातात कापड द्यावे, शेतकऱ्याला भुईमुगाच्या शेंगा फोडावयास द्याव्यात, शिक्षकापुढे वह्यांचा गठ्ठा ठेवावा, गृहिणीपुढे मेथीची जुडी. सादृश्याचा अर्थ हाच. काम पूर्वीच्या कामासारखे दिसले पाहिजे. प्लॅस्टिकचे ठोकळे आणि बालवाडीची चित्रे समोर ठेवल्यास पुष्कळ वृद्ध रागावतात, आणि त्यांचे चुकते असे आम्हांस वाटत नाही. काही घरी निवडून झालेले धान्य रात्री पुन्हा मिसळून सकाळी तेच निवडावयास देतात. याविषयी आमचे मन द्विधा आहे. रुग्णाला ते कळत नाही हे बहुधा खरे, पण एखाद्या दिवशी कळले तर तो अपमान खोल जातो. खरे काम घरात पुष्कळ असते, तेच द्यावे.

पुनःश्रुत म्हणजे तेच शब्द, त्याच वेळी, त्याच स्वरात. "अण्णा, चला, दूध संपले" हे वाक्य रोज बदलू नये. एका वेळी एकच गोष्ट सांगावी, उठा, मग काठी घ्या, मग दार. मध्ये थांबावे, कारण ऐकणे आणि उठणे यांत आता पूर्वीपेक्षा अधिक वेळ जातो. त्या अवधीत दुसऱ्यांदा सांगितले की आरंभ पुन्हा पहिल्यापासून होतो. 'आठवते का?' अशी परीक्षा घेऊ नये. आणि आजचे 'नको' खरेच पक्के असेल तर ते मानावे, अर्ध्या तासाने पिशवी पुन्हा हाती द्यावी.

हे शहाणपण आम्हांस प्रारंभापासून नव्हते. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त गृहस्थांच्या मुलास आम्ही रोज सायंकाळी दोन फेऱ्या मारवून आणण्याची सक्त सूचना दिली होती. मुलगा आज्ञाधारक होता. कामावरून आल्यावर तो वडिलांना दंड धरून उठवी. आठव्या की नवव्या दिवशी वडिलांनी त्याच्यावर काठी उगारली, आणि पुढे त्यांनी त्या मुलाला पायांत चप्पलही घालू दिली नाही. अशा अनेक रुग्णांची सायंकाळ ही अस्वस्थतेची वेळ असते, हे आम्ही विचारात घेतले नव्हते. त्यांची सकाळ कशी जाते, हे विचारलेही नव्हते. सुश्रुताचार्य व्यायामापूर्वी वय, बल, शरीर, देश, काल आणि आहार पाहावयास सांगतात. आम्ही फक्त फेऱ्या मोजल्या. पुढे त्या गृहस्थांना शेजारचे एक समवयस्क सकाळी हाक मारू लागले आणि ते त्यांच्याबरोबर देवळापर्यंत जाऊ लागले. मुलाशी मात्र त्यांचे पूर्वीसारखे झाले नाही. कदाचित व्याधीमुळेही असेल. पण मुलगा तसे मानत नाही.

कुटुंबाला काय आश्वासन द्यावे, हेही येथे स्पष्ट व्हावे. इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ४९४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मध्यम ते जोरकस व्यायामाने शरीराची क्षमता वाढली, परंतु बुद्धीचा ऱ्हास मंदावला नाही. तेव्हा 'चालविले तर आठवण परत येईल' असे कोणासही सांगू नये. ते ऐकून घरची माणसे रुग्णाला ओढतात, आणि आठवण परत आली नाही की चालणेच सोडून देतात. सांगावयाचे ते एवढेच: कोठा साफ राहील, दिवसाची झोप कमी होऊन रात्रीची सुधारण्याची शक्यता आहे, शौचास स्वतः उठून जाण्याचे बळ अधिक काळ टिकेल. ज्याने रात्री तीनदा वडिलांना उचलले आहे त्याला यातील शेवटच्या गोष्टीचे मोल कळते.

अभ्यंगाविषयी एक सावधगिरी. सकाळी कोमट तेलाने पाय आणि गुडघे चोळल्यावर रुग्ण अधिक सहज उठतो, असा आमचा अनुभव आहे. स्पर्श हेही एक निमित्तच. पण तेलकट तळवा आणि फरशी यांची गाठ पडली तर खुब्याचे हाड मोडून सारेच संपते. पादाभ्यंगानंतर तळवे कोरड्या पंचाने नीट पुसावेत, न घसरणारी चप्पल घालावी आणि मगच उभे करावे. बाहेर जाणाऱ्या रुग्णाच्या खिशात नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी.

चिकित्सेच्या चार पादांत परिचारक एक आहे. त्याच्या ठायी उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच हे गुण अपेक्षिले आहेत. घरी हे सारे बहुधा एकाच व्यक्तीकडून अपेक्षिले जाते, सुनेकडून, पत्नीकडून, क्वचित मुलाकडून. ती व्यक्ती आपल्यापर्यंत फारशी येत नाही. ती औषधी दुकानात येते, दर महिन्याला, घाईत, घृताची बरणी आणि चूर्णाची पुडी न्यावयास. दुकानदार बंधूंनी तेवढ्या वेळात दोन प्रश्न विचारावेत. घरचे वृद्ध या महिन्यात पडले का? आणि रात्री तुम्हाला झोप मिळते का? पहिल्याचे उत्तर होकारार्थी किंवा दुसऱ्याचे नकारार्थी आले, तर पुडी बांधण्यापूर्वी वैद्यांना दूरध्वनी करावा.