बदली खेळाडू

२०१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी फिलाडेल्फियाच्या ‘सेव्हन्टीसिक्सर्स’ या बास्केटबॉल संघाचे ३१ सामने खेळून झाले होते. त्यांतला १ जिंकलेला, ३० हरलेले. हंगामाचे पहिले १८ सामने त्यांनी ओळीने गमावले होते. एकुलता एक विजय मिळाला तो १ डिसेंबरला, कोबी ब्रायंट आपल्या या जन्मगावी शेवटचा सामना खेळायला आला त्या रात्री. संघात उंच, तरुण, गुणी पोरं होती, पण त्यांच्या हातात वेळेवर चेंडू आणून देणारा कुणी नव्हता. २४ डिसेंबरला संघाने न्यू ऑर्लिन्स ‘पेलिकन्स’कडून तसा एक माणूस आणला. बदल्यात ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतले, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे, दोन हक्क देऊन टाकले.

माणसाचं नाव इश स्मिथ. उंची सहा फूट, वय २७. तो फिलाडेल्फियाला अनोळखी नव्हता. आधीच्या हंगामाच्या उत्तरार्धात तो त्यांच्याकडेच खेळला होता आणि हंगाम संपल्यावर त्यांनी त्याला सहज जाऊ दिलं होतं. जो फुकट ठेवून घेता आला असता, त्याच्यासाठी सहा महिन्यांत किंमत मोजावी लागली.

२६ डिसेंबरला फिनिक्समध्ये सामना झाला. फिलाडेल्फियाने तो जिंकला.

हंगामाच्या शेवटी संघाच्या नावावर १० विजय आणि ७२ पराभव होते. ३१ सामन्यांत १ आणि नंतरच्या ५१ सामन्यांत ९. दुसरा आकडाही मिरवण्यासारखा नाही, हे कबूल. पण त्या पडक्या संघाकडून स्मिथ ५० सामने खेळला, सामन्यामागे सरासरी १४.७ गुण मिळवले आणि ७ वेळा दुसऱ्याला गुण मिळवून देणारा पास दिला. त्या पोरांना त्या हिवाळ्यात बास्केटबॉल खेळल्यासारखं वाटलं असेल, तर ते या माणसामुळे.

इश स्मिथच्या नावावर एक विक्रम आहे. अमेरिकेच्या ‘एनबीए’ या व्यावसायिक लीगमध्ये ३० संघ आहेत. त्यांतल्या १३ संघांकडून तो खेळला. इतक्या संघांकडून दुसरा कुणीही खेळलेला नव्हता. त्याच्या आधी चकी ब्राउन, जिम जॅक्सन, टोनी मॅसनबर्ग आणि जो स्मिथ हे चौघे १२ संघांवर थांबले होते. विक्रमाची बातमी आली की सूटकेस, विमान, घर बदलणं असल्या गोष्टी लिहिल्या जातात. मला मात्र या विक्रमाकडे पाहताना गिरणगाव आठवतं.

मुंबईच्या कापड गिरण्यांत कायम कामगारांबरोबर ‘बदली कामगार’ असत. पाळीच्या वेळी ते गिरणीच्या दारात येऊन उभे राहत. कायम माणूस गैरहजर असला की त्याच्या सांच्यावर बदलीला घेत. तो हजर असला की बदली माघारी. काम येतं की नाही हा प्रश्न नसे. कायम माणसाइतकंच काम यावं लागे, तेही कुणाच्याही सांच्यावर, आल्या आल्या. मराठी क्रीडापानांवर राखीव खेळाडूला ‘बदली खेळाडू’ म्हणतात. बदली म्हणजे नोकरीतलं स्थलांतरही. तिन्ही अर्थ एकाच माणसाला इतके चपखल लागू पडावेत, असं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

तो जन्मला ५ जुलै १९८८ रोजी, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात. वाढला शेजारच्या कॉन्कॉर्डमध्ये. त्याच्या लहानपणी शार्लट ‘हॉर्नेट्स’ संघात मगसी बोग्ज नावाचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू वाटून खेळ चालवणारा खेळाडू, होता. उंची पाच फूट तीन इंच, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत बुटका खेळाडू. हा बोग्ज वेक फॉरेस्ट विद्यापीठातून आलेला. स्मिथही २००६ मध्ये तिथेच गेला आणि चार वर्षांनी बाहेर पडला तेव्हा विद्यापीठाच्या असिस्टच्या, म्हणजे गुण मिळवून देणाऱ्या पासच्या, यादीत बोग्जच्या खालोखाल त्याचं नाव होतं. मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. तो १४ वर्षांचा असताना, २००२ मध्ये, हॉर्नेट्स संघच शार्लट सोडून न्यू ऑर्लिन्सला गेला. तिकडे त्याचे पुढे ‘पेलिकन्स’ झाले आणि शार्लटच्या नव्या संघाला हॉर्नेट्स हे नाव २०१४ मध्ये परत मिळालं. स्मिथ पुढे या दोन्ही संघांकडून खेळला. अमेरिकेत संघांच्याही बदल्या होतात. त्याच्या १३ संघांपैकी ह्यूस्टनचा सॅन डिएगोहून आलेला, मेम्फिसचा व्हँकूव्हरहून, ओक्लाहोमा सिटीचा सिॲटलहून.

२०१० च्या ड्राफ्टमध्ये ६० नावं पुकारली गेली. पहिलं नाव जॉन वॉलचं. तोही गार्डच, तोही नॉर्थ कॅरोलायनाचाच. साठांत स्मिथचं नाव नव्हतं.

तरीही ह्यूस्टन ‘रॉकेट्स’ने त्याला घेतलं आणि त्याच हंगामात, फेब्रुवारी २०११ मध्ये, पहिली बदली झाली. शेन बॅटिये या मुरलेल्या बचावपटूबरोबर तो मेम्फिसला गेला. पुढे २०१३ मध्ये ऑर्लँडोहून मिलवॉकीला गेला तो जे. जे. रेडिकच्या व्यवहारात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅरन बटलरला मिळवण्यासाठी मिलवॉकीने त्याला फिनिक्सला दिलं. २०२२ मध्ये माँट्रेझ हॅरेलच्या अदलाबदलीत तो शार्लटहून वॉशिंग्टनला आणि पाच महिन्यांत केंटेव्हियस कॉल्डवेल-पोपबरोबर डेन्व्हरला गेला. या सगळ्या बातम्यांचे मथळे वाचले, तर स्मिथ त्यांत सापडत नाही. तो खालच्या ओळीत असतो. मोठ्या नोटेचा हिशेब जुळवताना सुटे पैसे लागतात, तसा तो लागत असे.

एनबीएमधला व्यवहार काटेकोर नियमांनी बांधलेला आहे. हंगामात संघात नेहमीच्या करारावर १५ जण ठेवता येतात. दोन संघांनी खेळाडू बदलले तर बहुतेक वेळा दोन्हीकडच्या पगारांचा मेळ बसावा लागतो. खेळाडूची संमती लागत नाही. व्यवहाराला नकार देण्याचा हक्क करारात लिहून घेणारे अगदी मोजके. बाकीच्यांना फोन येतो आणि ते निघतात. जास्तीचा खेळाडू कराराबाहेर काढला की तो ४८ तास ‘वेव्हर’च्या यादीत राहतो. त्या अवधीत दुसरा संघ तोच करार उचलू शकतो, आणि एकाहून जास्त संघांनी हात वर केला तर ज्याची कामगिरी जास्त वाईट त्याचा हक्क आधी. शिवाय जानेवारीपासून दहा-दहा दिवसांचे करार मिळतात. एकाच वेळी चार खेळाडू दीर्घ दुखापतीने बसले असतील, तर सोळावा माणूस तात्पुरता घेण्याची परवानगीही मिळते. ही कलमं वाचताना गिरणीचं दार डोळ्यांपुढे उभं राहतं. वेतनात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो विसरून चालणार नाही. पण उद्या काम आहे का, या प्रश्नाची जात एकच.

स्मिथचे सलग पंधरा महिने या कलमांवर बोट ठेवून वाचता येतात. ऑक्टोबर २०१४ : ह्यूस्टनने हंगाम सुरू होण्याआधीच सोडलं. नोव्हेंबर : ओक्लाहोमा सिटीचे केव्हिन ड्युरँट आणि रसेल वेस्टब्रुक यांच्यासह बरेच खेळाडू जायबंदी, म्हणून त्या संघाला परवानगी मिळाली आणि स्मिथला काम. फेब्रुवारी २०१५ : ओक्लाहोमा सिटीने न्यू ऑर्लिन्सला दिलं. न्यू ऑर्लिन्सने लगेच सोडलं. एकही सामना नाही. त्याच आठवड्यात फिलाडेल्फियाने यादीतून उचललं. उन्हाळ्यानंतर वॉशिंग्टन, पण हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर तिथूनही नाव कमी. मग पुन्हा न्यू ऑर्लिन्स, कारण आता त्यांचे गार्ड जायबंदी होते. डिसेंबर : ते बरे झाले, आणि स्मिथ पुन्हा फिलाडेल्फियाला.

आता यात तो खेळत काय होता, ते पाहायला हवं. पॉइंट गार्ड हा बास्केटबॉलमधला सर्वांत अवघड बदली. नेमबाजाला कुठल्याही संघात कोपऱ्यात उभं करता येतं. गार्डला मात्र बाकी चौघांना खेळवायचं असतं. प्रत्येक संघाच्या डावपेचांना वेगळी नावं. एकाला चेंडू छातीशी लागतो, दुसऱ्याला पळता पळता पुढ्यात. फिलाडेल्फियाच्या नर्लन्स नोएलला तो बास्केटच्या कडीजवळ, हवेत लागत असे. चार इंच खाली आला की संधी गेली. हे सगळं शिकायला बाकीच्यांना ऑक्टोबरभर सराव शिबिर मिळतं. स्मिथला बऱ्याचदा दोन दिवस मिळत.

त्याची खरी शक्ती वेग. लांबून तीन गुणांचा नेम हे त्याचं कधीच मोठं अस्त्र नव्हतं, आणि गेल्या दशकात ज्या गार्डला लांबून नेम नाही त्याला संघ लवकर मोकळं करतात. या सगळ्या बदल्यांमागचं मोठं कारण मला हेच वाटतं. बचाव करणारे त्याला लांबून मारायला मुद्दाम मोकळं सोडत. मग तो काय करी? उंच जोडीदार वाटेत भिंतीसारखा उभा राही, त्याच्या खांद्याला घासून स्मिथ आत शिरे. बास्केटखाली पोचल्यावर बहुतेक गार्ड थांबतात. मारतात किंवा अडकतात. हा थांबत नसे. चेंडू टप्पे खात राही आणि तो बास्केटच्या मागून, मागच्या रेषेला चिकटून, दुसऱ्या बाजूने बाहेर येई. एवढ्या वेळात पाचही बचावपटूंची तोंडं एकदा इकडे, एकदा तिकडे वळलेली असत. कुणीतरी मोकळा सुटलेला असे. त्याच्या हातात चेंडू.

मोठा करार मिळाला तो फिलाडेल्फियातल्या त्या ५० सामन्यांमुळे. जुलै २०१६ मध्ये डेट्रॉइट ‘पिस्टन्स’ने तीन वर्षांसाठी १ कोटी ८० लाख डॉलर देऊ केले. सहा हंगामांत नऊ संघ झाल्यावर तीन वर्षं एकाच गावी! तिथले प्रशिक्षक स्टॅन व्हॅन गंडी. २०१२ मध्ये ऑर्लँडोने त्याला घेतलं तेव्हाही संघ त्यांच्याच हाताखाली होता. बदली माणसाचं काम लक्षात ठेवणारे लोक असतात. डेट्रॉइटमध्येही तो कायमच्या गार्डचा, रेजी जॅक्सनचा, दुसरा होता. जॅक्सन आधी गुडघ्याने, पुढच्या हंगामात घोट्याने बसला आणि दोन्ही वेळा संघ स्मिथने चालवला.

२०१९ मध्ये तो वॉशिंग्टन ‘विझर्ड्स’मध्ये गेला. ज्याच्या जागी खेळण्यासाठी बोलावलं तो टाचेच्या मोठ्या दुखापतीने अख्खा हंगाम बाहेर होता. त्याचं नाव जॉन वॉल, २०१० च्या ड्राफ्टमधलं पहिलं नाव. त्या वर्षी साठांत न बसलेला माणूस नऊ वर्षांनी पहिल्याची पाळी भरून काढत होता, आणि याची कुणी मोठी बातमी केली नाही याची मला आजही खंत वाटते.

तेरावा संघ डेन्व्हर ‘नगेट्स’. २०२२-२३ च्या हंगामात निकोला योकिच आणि जमाल मरी यांच्या या संघात स्मिथला सामन्यामागे दहा मिनिटंही मिळत नव्हती, आणि बाद फेरीत तर मैदान त्याच्या वाट्याला जवळजवळ आलंच नाही. १२ जून २०२३ रोजी डेन्व्हरने मायामीला ९४-८९ असं हरवलं आणि मालिका ४-१ ने जिंकली. १९७६ मध्ये एनबीएत आलेल्या या संघाचं ते पहिलं अजिंक्यपद. विजेत्या संघाच्या यादीत इश स्मिथ होता. तेरा संघांत पहिल्यांदा.

ते अजिंक्यपदही फार दिवस उराशी धरून बसता आलं नाही. पुढच्या मोसमात डेन्व्हरकडे त्याला जागा नव्हती.  शार्लटच्या हॉर्नेट्सना पुन्हा एक गार्ड हवा होता, आणि त्यांनी ३५ वर्षांच्या स्मिथला बोलावलं. कॉन्कॉर्डहून शार्लटच्या मैदानापर्यंतचा रस्ता मोटारीने साधारण अर्ध्या तासाचा आहे.