कृष्णाकाठची वीट

मराठीच्या मास्तराने विटांविषयी काय लिहावे, असे वाचक विचारतील. पण जिच्यावर आमचा विठोबा उभा आहे आणि जिचे नाव कंटाळल्यावरही तोंडी येते, ती वीट भाषेच्या वर्गाबाहेर कशी राहील?

दिवाळी सरून ऊन कडक झाले की सातारा-सांगलीकडच्या नदीकाठी वीटभट्ट्या जाग्या होतात. त्या पाहत मी पुष्कळ हिंडलो आहे. मळीच्या जमिनीतला गाळ आणतात. नुसती चिकण माती वाळताना तडकते, म्हणून तिच्यात राख किंवा भुसा मिसळतात. चिखल मुरवून तुडवतात, साच्यात थापतात, उन्हात वाळवतात. मग कच्च्या विटा रचून मधल्या थरांत जळण भरतात. आच ९०० ते १००० अंशांपर्यंत चढते आणि मातीतल्या लोहाने वीट तांबडी होते. पक्की वीट दुसरीवर आपटली की खणखणते. चोवीस तास पाण्यात बुडवली, तरी चांगली वीट आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त पाणी पीत नाही.

पण ही मळी पुरांनी कित्येक पिढ्यांत साठवलेली, आणि फावड्याला ती एका हंगामात पुरते. जिथून गाळ गेला, तिथे ऊस पूर्वीसारखा येत नाही. भट्टीवर राबणाऱ्या बिऱ्हाडांबरोबर मुलेही गाव सोडतात. त्यांची शाळा मात्र मागेच राहते.

औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेपासून सिमेंट घालून केलेल्या विटांना मळीही लागत नाही, भट्टीही लागत नाही. घर बांधायला काढाल, तेव्हा विटेचा भाव विचाराच. पण माती कुठली आणि थापणाऱ्याची मुले कुठे शिकतात, हेही विचारा.